तिसऱ्या गेअरवरचा हात

गंगाखेडला परभणी रोडवर आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रस्त्यावरून एखादी गाडी गेअर घासत गेली, तो कर्रर्र आवाज कानावर आला, की अजूनही माझी मान समोरच्या शटरकडं वळते. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. काउंटरवरचा पोरगा मान वरही करत नाही. पूर्वी असा आवाज झाला असता, तर त्या शटरमधून एक उंच, काटकुळा माणूस पांढऱ्या पायजम्यात रस्त्याच्या मधोमध धावत आला असता आणि चालत्या गाडीला ओरडला असता, "अरे बाबा, पाय! पाय पुरा दाब! तिच्या जिवाला लागायलंय!"

ते आमचे मिस्त्रीमामा. त्यांची आठवण आली की माझी दुपार जात नाही.

मी लग्न होऊन या घरात आले आणि दोन-चार वर्षांत सासऱ्यांचे गुडघे गेले. नवरा माल आणायला परभणी-नांदेड करायचा, म्हणून दुकानात मी बसू लागले. क्लचप्लेट आणि ब्रेकशू यांत मला फरक कळत नव्हता. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीला विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी काही बोलायच्या आत समोरून आवाज यायचा, "बसल्यात की समोर! डोळे हायत का हेडलाइट?" मामा सासऱ्यांचे जुने दोस्त, म्हणून मी त्यांची सूनबाई. दुकानातला माल त्यांनीच मला शिकवला, पण शिकवताना कौतुक वगैरे काही नाही. एखादी पितळी रिंग हातात घ्यायचे, नखावर वाजवायचे आणि काउंटरवर टाकून द्यायचे. "सूनबाई, हे पितळ न्हाई, पितळेचा निस्ता रंग हाय. परत पाठव." सोमवारी सासूबाईंची लिंगपूजा होईपर्यंत आमचं दुकान उघडत नसे. त्या दिवशी मामा रस्त्यापलीकडून महादेवालाच हाका मारायचे, "आटप रे देवा, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय!"

काम फक्त गेअरबॉक्सचं. इंजिन घेऊन कोणी आला तर "ते शेजारी दाखवा," आणि ब्रेक म्हटलं तर "ब्रेक मला आवडत न्हाई." असं म्हणणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही. अंगावर कायम पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. जो मिस्त्री मळतो त्याला काम येत नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. खरी गोष्ट अशी की मामी मागच्या दगडावर रोज ते कपडे सोड्यात भिजवून, घासून घासून हैराण व्हायची. मामांच्या फुशारकीतली निम्मी मेहनत मामीची होती आणि हे सगळ्या आळीला माहीत होतं, फक्त मामांना सोडून.

गाडी आली की ते लगेच पाना घेत नसत. आधी मालकालाच गाडी चालवायला लावायचे आणि स्वतः मागच्या सीटवर बसून डोळे मिटायचे. गोदावरीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत कोणी तोंड उघडायचं नाही. एकदा परभणीचे एक कापडवाले नवीकोरी गाडी घेऊन आले. गेअर टाकताना खरखर करतो, रिव्हर्स तर पडतच नाही, कंपनीवाल्यांना दाखवून दमलो, म्हणाले. मी मालासाठी पुलापलीकडं जाणार होते म्हणून त्याच गाडीत बसले होते. मामा मागं घोरत होते, निदान मला तसंच वाटलं. पूल आला तसे म्हणाले, "थांबव." खाली उतरले, पुढचं दार उघडलं आणि पायाखालची जाडजूड नवी चटई ओढून बाहेर काढली. "आता टाक रिव्हर्स." पडला. ती चटई इतकी जाड होती की क्लच शेवटपर्यंत दाबलाच जात नव्हता. कापडवाले हसायला लागले, मामाही हसले, पण चटई काही त्यांनी परत दिली नाही. ती पुढं कैक वर्षं गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांना बसायला होती.

त्यांचं म्हणणं होतं की गेअरची निम्मी दुखणी गाडीत नसतात, माणसाच्या पायात आणि हातात असतात. "गेअर पडतो सूनबाई, पाडायचा नसतो. माणूस घाईत असतो, गेअर घाईत नसतो." गेअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवणाऱ्याचा त्यांना भारी राग. हाताच्या वजनानं आतला फोर्क, म्हणजे गेअर सरकवणारा चिमटा, दाबला जातो, दाबून दाबून झिजतो, आणि झिजला की गेअर आपोआप सुटायला लागतो. अशा माणसाच्या हातावर ते मागून फटका मारायचे, मग तो वयानं केवढाही असो. आणि एवढ्यावर थांबले तर ते मामा कसले! क्लचवरच्या पायावरून ते लोकांच्या घरातलं सांगायचे. साखर कारखान्याच्या एका ड्रायव्हरला म्हणाले, "तू क्लच दाबत न्हाईस, लाथ मारायलास. घरी भांडून आलास. जा, बायकोला समजाव, मग बघू गेअर पडतो का न्हाई." तो म्हणाला, "मामा, माझं लगीन कुठं झालंय?" मामा जराही डगमगले नाहीत. "मग तेच कारण!"

चुकायचेही दणक्यात. बिनक्लचची, आपोआप गेअर बदलणारी पहिली गाडी त्यांच्या दारात आली, तेव्हा ऐटीत चालवायला बसले. सवयीनं डाव्या पायानं क्लच शोधला आणि जे सापडलं ते जोरात दाबलं. तो ब्रेक होता. मागं बसलेल्या तिघांची कपाळं पुढच्या सीटवर आदळली. मामा खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हिच्याशी बोलायचं तरी कसं?" पुन्हा तसल्या गाडीला त्यांनी हात लावला नाही.

बोलण्याचं हे असं. गाड्यांशी बोलायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, महादेवाशीही बोलायचे. फक्त मामीशी बोलत नव्हते.

हा अबोला त्यांच्या मुलीच्या लग्नापासूनचा. हळदीच्या दिवशी पाहुणे जमलेले, आणि नवरीचा बाप कुणाच्या तरी जीपखाली. तो उगवला तो तेलकट हातांनी, हळद लागून गेल्यावर. मामी चारचौघांत म्हणाली, "तुमी गाडीसंगंच संसार करा." मामांनी उत्तर दिलं, "गाडी ऐकती तरी." झालं. मुलगी सासरी पूर्णेला गेली, तिचा नवरा रेल्वेत लागला, तरी या दोघांची तोंडं एकमेकांकडं वळली नाहीत. मामी माझ्याकडं हळदी-कुंकवाला येऊन बसली असली की मामा रस्त्यापलीकडून ओरडायचे, "सूनबाई, विचार तिला, चहा ठिवायचा का न्हाई!" मामी तिथंच बसलेली असायची. ती मला म्हणायची, "सांग त्यांला, साखर सरली." मी मान इकडून तिकडं फिरवायची. दोघांनाही एकमेकांचं बोलणं लख्ख ऐकू जायचं, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं धरत नसत.

त्यांची स्वतःची एक जुनी जीप होती. दर रविवारी दोघं तीत बसून शेताकडं जायचे. दोन-तीन एकरांचा तुकडा, त्यात थोडी तूर, वांगी, मिरच्या. कधीमधी मीही मागं बसून जायची. त्या जीपचा तिसरा गेअर सुटायचा. टाकला की पडायचा झकास, पण जरा उतार लागला, नाहीतर मामांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की दांडा खटकन उडून न्यूट्रलमध्ये यायचा. उभ्या जिल्ह्यातून लोक गेअर दाखवायला ज्यांच्याकडं येत, त्यांच्याच गाडीचं हे रडगाणं. लोक चेष्टा करायचे, मामा म्हणायचे, "लोकांच्या झाल्या की बघू."

मी मागून काय बघायची, ते सांगते. मामा दुसऱ्यातून तिसरा टाकायचे आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर घ्यायचे. त्याच क्षणी डावीकडून मामीचा हात यायचा आणि दांड्यावर बसायचा. ती समोर रस्त्याकडं बघत असायची, मामाही समोर रस्त्याकडं बघत असायचे. चौथा टाकायची वेळ आली की मामा नुसता क्लच दाबायचे, त्या आवाजासरशी हात निघायचा. पुन्हा तिसरा, पुन्हा हात. बांगड्या दांड्यावर किणकिणायच्या. एकदा मी मामांना एकटं गाठून म्हटलं, "मामा, फोर्क आपल्या दुकानात आहे, स्प्रिंगा आहेत, बसवून टाका की. आणि हात ठेवल्यानं जास्तच झिजतं, हे तुम्हीच शिकवलंय मला." मामांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मला म्हाईत न्हाई व्हय? राहू दे." मी पुन्हा विषय काढला नाही.

मग मामी न्हाणीत पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लॅस्टर. मामांची जी तारांबळ उडाली, ती बघण्यासारखी होती. भाकऱ्या माझ्याकडून जायच्या. कपडे ते स्वतः धुवायला लागले आणि आठवड्यात त्यांचे पांढरे शर्ट काळपट झाले. तोंडानं मात्र अवाक्षर नाही. उंबऱ्यातून दवाखान्याच्या गोळ्या आत सरकवायचे आणि मला सांगायचे, "विचार तिला, दुखायलंय का."

प्लॅस्टर निघायच्या आधी एका सकाळी ते दुकानात आले. दाढी केलेली, केसांना कलप. तिसऱ्या गेअरचा फोर्क मागितला, त्याच्या स्प्रिंगा, स्टीलच्या गोळ्या, पितळी रिंग. प्रत्येक वस्तू नखावर वाजवून घेतली. मी विचारलं, "कुणाच्या गाडीचं?" तर लाजले! एवढा मोठा माणूस माझ्यासमोर लाजला. "आपल्याच. तिचा हात आता नाजूक असंल. दांड्याचे धक्के बसतील." दोन दिवस शटर अर्धं ओढून काम चाललं होतं. खाली पडलेलं जुनं सामान त्यांनी स्वतःच भंगारवाल्याला देऊन टाकलं.

प्लॅस्टर परभणीला काढायचं होतं. मला माल आणायचा होता म्हणून मी सोबत गेले. येताना मामी पुढं बसली. उघडं झालेलं मनगट बारीक दिसत होतं, कातडी पांढुरकी पडली होती. परभणी मागं पडली, रस्ता मोकळा झाला आणि मामांनी तिसरा टाकला. मामीचा हात आला. जरा सावकाश, पण आला. मामा लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यामार्फत न बोलता, सरळ तिला म्हणाले, "हात काढ. गेअर दुरुस्त केलाय मी. आता सुटायचा न्हाई."

मला मागं आनंदानं ओरडावंसं वाटलं. बोलले, बाई, अखेर बोलले! मी पुढं वाकून मामीचं तोंड बघितलं, आणि माझा आनंद तिथंच विरला. तिनं हात उचलला, पदराखाली घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली. गंगाखेड येईपर्यंत ती हलली नाही. मामा आपले खुशीत. मुद्दाम ॲक्सिलरेटर सोडून दाखवत होते की बघ, दांडा जाग्यावरच आहे.

त्याच आठवड्यात मामी पूर्णेला लेकीकडं निघून गेली. निघताना माझ्याकडं आली होती. मी म्हटलं, "मामी, त्यांनी तुझ्या हातासाठीच केलं गं." ती म्हणाली, "मला का कळत न्हाई? लय कळतंय. पर आमच्या दोघांत एवढंच एक काम राहिलं होतं, बाई. त्यांनी ते मला न इचारता मिटवून टाकलं. आता मी त्या गाडीत काय म्हणून बसू?"

मामांना हे कळायला वेळ लागला. आधी म्हणाले, लेकीचे दिवस भरत आलेत, म्हणून गेली असंल. मग एका दुपारी दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, एखादा झिजलेला फोर्क हाय का गं?"

पार्टच्या दुकानात झिजलेला पार्ट मागणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. मी म्हटलं, "मामा, दुकानात नवं मिळतं. झिजलेलं कुठून आणू?" ते म्हणाले, "भंगारवाल्याकडं बी गेलतो. त्याचा माल गेला." आणि हात चोळत बसले. मी म्हटलं, "जुनं बसवून काय होणार आहे? पूर्णेला जा आणि बोला."

"काय बोलू?"

"गाडी सोडून काहीही."

त्यांनी खरंच विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे मला विचारलं, "मग काय उरतं?"

शेवटी मीच त्यांना घेऊन गेले, म्हणजे त्यांच्याच जीपमध्ये शेजारी बसून गेले. पूर्णेपर्यंत त्यांनी एकदाही तिसरा टाकला नाही. इंजिन केकाटत होतं, मागचे हॉर्न मारून पुढं जात होते, आणि हे दुसऱ्यात.

लेकीचं घर रेल्वेच्या लायनीजवळ. मामी ओसरीवर तूरडाळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली. मामा अंगणात उभे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, तिला म्हणावं…"

मी म्हटलं, "माझा घसा बसलाय."

एक मालगाडी जायला लागली. डबे संपता संपेनात. मामा तसेच उभे, मामी डाळ निवडतेय, लेक दारात पोटावर हात ठेवून उभी. मालगाडी गेली आणि एकदम शांत झालं. मामा घसा खाकरून म्हणाले, "तू हिकडं आल्यापासून मी गाडी तिसऱ्यात टाकीतच न्हाई. दुसऱ्यातच पळवायलोय. इंजन तापायलंय. पर तिसरा टाकला की बाजूची जागा दिसती." थांबले. "मी चुकलो. हळदीच्या दिवशी बी चुकलो. चल घरी."

मामीनं सूप खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र रागाचा होता. "हे बोलायला एवढी वर्षं लागत्यात का माणसाला?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पोरीचं बाळंतपण होऊ द्या. मग येते. जेवलात का?"

"न्हाई," मामा म्हणाले, आणि चपला काढून ओसरीवर चढले.

मामी परत यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत फोन सुरू झाला. मामा गाडीखाली आडवे, कानाला फोन, पाना छातीवर, वर गिऱ्हाईक तिष्ठत. "थांबा हो, घरचा फोन हाय," एवढं म्हणायचे आणि तासभर बोलायचे. मामी आल्यावर तर दोघांच्या बोलण्याला ऊतच आला. ओट्यावर बसून बोलायचे, जीपमध्ये बोलायचे, शेतात बोलायचे. रविवारी जीप माझ्या दुकानासमोरून जायची तेव्हा इंजिनच्या आवाजाच्याही वर दोघांचा आवाज यायचा. मी काउंटरवरून बघत राहायची. माझा निरोप्याचा धंदा बुडाला होता आणि त्याचा मला फार आनंद होता.

हे दोन-तीन वर्षं टिकलं. मग एका सकाळी चहा पिता पिता मामा गेले. दुखणं नाही, दवाखाना नाही. जीप जावयानं पूर्णेला नेली, गॅरेज भाड्यानं गेलं. मामी मात्र लेकीकडं गेली नाही. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत राहते आणि दुपारची माझ्या काउंटरवर येऊन बसते. परवा एक माणूस आला, चौथा पडताना अडकतोय म्हणाला. मी फळीकडं वळायच्या आत मामीनं त्याला विचारलं, "आधी ऑइल बघितलं का? खालून गळायलंय का बघ. आन् खालच्या दांड्याचं बूश ढिलं असंल." तो तिच्याकडं बघतच राहिला. मीही.

तो गेल्यावर मी विचारलं, "मामी, तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

"त्यांनीच. दुसरं कोण?"

"फोनवर तासन् तास हेच बोलायचे?"

"हेच. क्लच आन् गेअर आन् कुणाचा पाय कसा पडतो ते." मामी हसली. "बोलत नव्हते तवा मी रात्रंदिवस म्हणायची, ह्यांच्या मनात किती काय काय साठलं असंल. बोलायला लागले तर निस्ता गेअर. मी म्हणायची, अवो, आता तरी दुसरं काहीतरी बोला."

तिनं काउंटरवरची पितळी रिंग उचलली, उगाच बोटांत फिरवली आणि खाली ठेवली.

"आता तेबी कुणी बोलत न्हाई गं."